रंध्याची मूठ

शिवाजी पार्क, दादर
५ जून २०२४

कै. राजाराम वि. मेस्त्री यांच्या कुटुंबीयांस,

नमस्कार. आपली ओळख नाही. मी अभय टिपणीस. इंजिनियरिंग कंपनीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. गॅलरीत टेबल टाकून लाकूडकाम करतो, छंद म्हणून. आधी मशीनं घेतली होती, पण खालच्या मजल्यावरचे आवाजाला कंटाळले. मग हाताच्या हत्यारांकडे वळलो आणि त्यांचंच वेड लागलं. आता घरात एकवीस जुने रंधे आहेत आणि बायको म्हणते, अहो, त्यातून एक स्टूल तरी करा.

गेल्या महिन्यात करी रोडच्या पुलाजवळ एका भंगारवाल्याकडे एक सागवानी पेटी मिळाली. आत पटाश्या, दोन करवती, गुण्या आणि एक लोखंडी रंधा. पात्यावर विलायतेतल्या शेफिल्डचा ठसा. असा रंधा मी फक्त चित्रात पाहिला होता. हातात घेतला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, हसू नका. झाकणाच्या आत पांढऱ्या रंगाने नाव आणि चाळीचा पत्ता लिहिलाय. चाळ पडली आहे हे दिसतंच, तरी पत्र टाकून बघतो.

हा कारागीर कोण होता, कुठे कामाला होता, कधी गेला, एवढं कळवलंत तर मी पेटीत एक माहितीचा कागद ठेवीन. खाली माझा फोन नंबर आहे. हत्यारांची मुळीच काळजी करू नका. गंज काढतोय, झिजलेलं-मोडकं बदलतोय. फार चांगल्या घरी पडली आहेत.

आपला,
अभय टिपणीस

---

लालबाग
३ जुलै २०२४

टिपणीस साहेब,

मी अजून जितो आसंय.

कुटुंबीयांनी तुमचं पत्र वाचलं आणि घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही. मी तसाही बोलत नाही. दीड वर्षापूर्वी परळच्या इस्पितळात घशातलं बोलायचं यंत्र काढलं, तंबाखूची कृपा. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेतो. तुमचा फोन नंबर घेऊन मी काय करू? सून म्हणते, नाना, मोबाईलवर टाइप करा. त्या काचेवर माझं बोट चालत नाही. मी वहीत लिहितो. दुसरी वही चालू आहे.

तुमचं पत्र चार आठवडे फिरलं. पोस्टमन जुना आहे, चाळीतलं कोण कुठे भाड्याने गेलं ते त्याला पाठ.

पेटी माझी. मुलाने, हितेंद्रने, मला सांगितलं होतं की ती बदलापूरला मित्राच्या गाळ्यात आहे. मी इस्पितळात पडलो होतो तेव्हा खोलीत जागा नाही म्हणून याने ती भंगारात दिली. आता विचारलं तर म्हणतो, बाबा, तुम्ही परत काम कराल असं कुणाला वाटलं होतं? मला वाटलं होतं, मेल्या! तेव्हापासून त्याच्यासाठी वहीत एक अक्षर लिहिलेलं नाही.

तुमच्याशी भांडण नाही. तुम्ही चोरली नाहीत. पण मला ती पाहिजे. चाळीच्या जागी टॉवर झालाय, चौदा नोव्हेंबरला सतराव्या मजल्यावरच्या खोलीची किल्ली मिळणार. तिथे दारात बिल्डर काळा दगड बसवतो. चाळ पाडायच्या आदल्या दिवशी मी आमच्या खोलीचा उंबरठा उचकटून आणला. सागवान, माझ्या बापाने बसवलेला. आता माझ्या खाटेखाली आहे. तो नव्या दारात बसवायचा आणि मीच बसवायचा. दुसऱ्याचा हात लागलेला मला चालणार नाही. मग मला वर न्या नाहीतर खाली न्या. डॉक्टर पुढचं काही सांगत नाहीत, म्हणजे सांगण्यासारखं नसणार.

तेव्हा गंज काढा, पण बदलू काही नका. पेटी लवकर पाठवा.

राजाराम मेस्त्री
(सगळे नाना म्हणतात)

---

शिवाजी पार्क
१० जुलै २०२४

नाना,

तुमचं पत्र वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जित्या माणसाच्या नावामागे कै. लावलं! माफ करा. बायकोने मला दिवसभर धारेवर धरलं.

पेटी तुमची आहे, तुम्हाला मिळेल. यात दुसरा विचारच नाही. फक्त थोडे दिवस द्या, गंजावरचं काम अर्ध्यात आहे. बाकी सगळं जसंच्या तसं आहे.

एक विचारू का? रंध्याची मूठ एका बाजूने खोल खरवडलेली आहे, आणि वर अंगठ्यापाशी एक विचित्र उंचवटा आहे. असं का? मी पुष्कळ पुस्तकं चाळली, कुठे सापडलं नाही. आणि जमलं तर तुमचा उजवा हात कागदावर ठेवून पेन्सिलीने रेघ मारून पाठवाल? ज्या हाताने चाळीस-पन्नास वर्षं हा रंधा चालवला त्याची काहीतरी खूण माझ्याजवळ असावी असं वाटतं. म्हाताऱ्याचा हट्ट समजा.

आपला,
अभय

---

लालबाग
२२ जुलै २०२४

टिपणीस साहेब,

हाताचं चित्र सोबत आहे. बोटं मोजून घाबरू नका, तीनच आहेत. मिलच्या सुतारखात्यात होतो, सव्विसाव्या वर्षी पट्ट्याच्या करवतीत करंगळी आणि तिच्या शेजारचं गेलं. मुकादम म्हणाला, राजाराम, आता तू भरणाखात्यात जा, पोती उचल. मी म्हटलं, दोन बोटं गेली, अक्कल नाही गेली. बाजारची मूठ माझ्या हातात गरकन फिरते, धरता येत नाही. म्हणून ती तशी खरवडली. तळहात बसतो आणि अंगठा टेकतो. दुसऱ्या रंध्याने मला सरळ मारता येत नाही, म्हणून तर त्यासाठी जीव टाकतोय.

तुम्ही एवढं विचारता म्हणून कामही सांगून ठेवतो. घरात कुणाला यातलं कळत नाही आणि हितेंद्रला मी सांगणार नाही. नवं दार तीन बोटं अरुंद आहे, तेवढं करवतीने घ्यायचं. मग खालची बाजू आणि दोन्ही कडा रंध्याने उतरवायच्या. वरून हात लावायचा नाही. वर मधोमध बशीसारखं झिजलंय. माझी बायको लक्ष्मी चाळीस वर्षं रोज सकाळी तिथे बसून हळदकुंकू वाहायची. लाकडाच्या नसांत अजून पिवळं आहे, ओल्या फडक्याने पुसलं की दिसतं. ती जाऊन नऊ वर्षं झाली. नव्या घरात तिचं तेवढंच येणार आहे.

हातात जोर आहे अजून. काल सुनेला नारळ फोडून दिला. दादर ते लालबाग केवढं हो? पुढच्या रविवारी पेटी घेऊन या, चहा प्या. मी पितो तसा नळीने नाही, कपाने देऊ.

नाना

---

शिवाजी पार्क
२४ ऑगस्ट २०२४

नाना,

उत्तराला फार उशीर झाला. कंबर धरली होती, त्यात घरी पाहुणे. सूनबाईंना पेटी न्यायला पाठवतो असं तुमचं कार्ड परवा आलं, तेव्हा फार वाईट वाटलं. त्यांना कशाला त्रास? ड्रायव्हरबरोबर पेटी पाठवतो आहे. पटाश्यांना धार लावली आहे, करवतींचे दात बघून घ्या.

रंधा तेवढा ठेवून घेतला आहे. पातं जरा बाकलेलं वाटतं, ते सरळ केल्याशिवाय तुमच्या हाती द्यायला मन घेत नाही. गणपती होऊन जाऊ देत.

हाताचं चित्र माझ्या टेबलासमोर भिंतीवर लावलं आहे.

अभय

---

लालबाग
२ सप्टेंबर २०२४

टिपणीस साहेब,

पेटी मिळाली. पटाश्यांना धार बरी आहे, थोडी जास्तच लावलीत, पण हौशी माणसाच्या मानाने उत्तम. करवतीने उंबरठा तीन बोटं कापून घेतला. वैशालीने, सुनेने, दुसरं टोक धरलं. पाऊण तास लागला. आधी पाच मिनिटांचं काम होतं. मग दोन दिवस झोपून होतो.

पातं बाकलेलं नाही. माझं पातं मला माहीत आहे. साहेब, मी तुमच्याएवढा शिकलेला नाही, पण एवढा खुळाही नाही. तुमचा जीव त्या रंध्यात अडकलाय, सोडवत नाही, हेच ना? अहो, मग तसं लिहा! मला राग नाही. उलट बरं वाटलं. माझ्या मुलाने जो भंगारात टाकला त्याच्यावर कुणी दादरचा साहेब एवढा लुब्ध झाला. तर शब्द देतो: माझ्यानंतर रंधा तुमचा. हे मी वहीतही लिहून ठेवलं आहे आणि वैशालीला दाखवलं आहे. आता फक्त आठ दिवस मला द्या. कडा आणि खालची बाजू, एवढंच राहिलंय.

गळ्याला डाव्या बाजूला नवी गाठ आली आहे. तपासायला दिलंय. म्हणून घाई.

नाना

---

लालबाग
३० सप्टेंबर २०२४

साहेब, उत्तर नाही. गणपती गेले, पितर आले. वैशालीने दोनदा फोन केला, तुम्ही उचलला नाही. रंधा पाठवा. हात जोडतो.

नाना

---

शिवाजी पार्क
१४ ऑक्टोबर २०२४

नाना,

हे पत्र मी पाच वेळा फाडलं. आता सरळ लिहितो.

तुमच्या रंध्याची मूठ माझ्याकडे नाही. तुमचं पहिलं पत्र यायच्या आधीच, जूनमध्ये, मी ती काढून टाकली. मला ती खराब झालेली वाटली. कुणीतरी वाईट खरवडलेली. मी तिच्याजागी शिसवाची नवी, पुस्तकातल्या मापाची, पॉलिश केलेली मूठ बसवली आणि जुनी कचऱ्यात दिली. मग तुमचं पत्र आलं, काही बदलू नका म्हणून. मी घाबरलो. जसंच्या तसं आहे असं खोटं लिहिलं.

हाताचं चित्र मागितलं ते आठवण म्हणून नाही. त्यावरून तशीच मूठ कोरून बसवायची आणि तुम्हाला कळू द्यायचं नाही, असा माझा बेत होता. नऊ मुठी केल्या. स्वतःची दोन बोटं चिकटपट्टीने दुमडून धरून बघितल्या. एकही जमली नाही. माझ्याच हातात फिरतात. पन्नास वर्षं जी तुमच्या हाताने घडली ती वस्तू मी कचऱ्याच्या डब्यात टाकली, आणि ती आता जगात कुठेही नाही. याहून मोठा करंटेपणा माझ्या हातून झालेला नाही. वर तुम्ही रंधा माझ्या नावे केलात. ते वाचल्यापासून मला टेबलाशी जाववत नाही.

तुम्ही शिव्या द्याल त्या घेईन.

अभय

---

लालबाग
१९ ऑक्टोबर २०२४

टिपणीस,

कसली पन्नास वर्षं? ती माझी सातवी मूठ होती.

अहो, मूठ म्हणजे काय देव्हाऱ्यातला देव आहे? चप्पल झिजली की बदलतो तशी बदलायची वस्तू. चिरली, सैल झाली, हात बदलला, की नवी. दर वेळी एका दुपारचं काम. तुकडा घ्यायचा, पटाशीने ढोबळ काढायचा, हातात धरायचा, टोचेल तिथे खरवडायचा, परत धरायचा. कागदावरच्या रेघेवरून मूठ होते होय? हात लागतो, हात! तो माझ्याकडे होता. तुमच्या घरापासून पाव तासावर होता.

जुलैत लिहिलं असतंत, नाना, मूठ टाकली, तर मी तुम्हाला चार शिव्या घातल्या असत्या आणि तो रंधा मागवून संध्याकाळपर्यंत आठवी मूठ बसवली असती. ऑगस्टमध्ये पटाश्या माझ्या हातात होत्या. सप्टेंबर अर्धा होईपर्यंत हात चालत होता. रिकामा बसून होतो, टिपणीस. खाटेवर बसून तुमच्या टपालाची वाट बघत होतो. आता गाठ खांद्यात उतरली आहे. उजवा हात पेन धरतो तेवढाच, तोही बघा कसा. ही एवढी पानं लिहायला तीन दिवस लागले.

मूठ टाकलीत याचा राग नाही. तुम्ही माझे चांगले महिने बसून संपवलेत, त्याचा आहे. फार आहे. तुम्हाला वस्तूचं एवढं कौतुक, की ती ज्याची त्याला एक प्रश्न विचारावा हे सुचलं नाही.

पण आता मला दुसरा माणूस कुठे? पुढच्या रविवारी, २७ला, या. रंधा आणा, तुमच्या त्या पॉलिशच्या मुठीसकट. मी खुर्चीत बसतो, बोटाने दाखवतो, तुम्ही मारा. वाकडं गेलं तरी चालेल. वरून हात लागता कामा नये, बस.

राजाराम

---

शिवाजी पार्क
२५ ऑक्टोबर २०२४

नाना,

तुम्ही मला बोलावलंत. मी लायक नाही, तरी येणार. नक्की येणार.

पण हा रविवार नको. दोन आठवडे द्या, १० नोव्हेंबरला येतो. मी आजवर छोट्या पेट्या आणि चौकटी केल्या, एवढ्या जाड जुन्या सागवानावर कधी रंधा मारलेला नाही. आधीच एक घोळ करून बसलोय, आता तुमच्या वडिलांच्या उंबरठ्यावर हात चुकला तर मी स्वतःला तोंड दाखवू शकणार नाही. जुन्या सागवानाचा तसाच तुकडा मिळवला आहे, रोज सकाळी त्याच्यावर सराव करतोय. दहापर्यंत हात बसेल. चौदाची किल्ली आहे, तोवर वेळ आहे ना?

या वेळी काही चुकू देणार नाही.

तुमचा,
अभय

---

करी रोड
२ डिसेंबर २०२४

श्री. अभय टिपणीस यांना,

मी वैशाली, नानांची सून. नाना २३ नोव्हेंबरला सकाळी गेले. तुम्हाला फोन करायचं मनात आलं होतं, पण फोनवर माझ्या तोंडून काय निघेल याची मलाच खात्री नव्हती. म्हणून लिहिते.

तुमचं शेवटचं पत्र नानांनी वाचलं आणि घडी करून ठेवून दिलं. दहा तारखेची वाट बघायची असं त्यांनी ठरवलं असावं, मला काही बोलले नाहीत. म्हणजे लिहिलं नाही. पण बिल्डरच्या माणसाने हितेंद्रला सांगितलं की दाराचं काम सातला उरकणार, उंबरठा त्याआधी आणून द्या, नाहीतर दगड बसवतो. हितेंद्र चार महिने घरात खाली मान घालून वावरत होता. बाप त्याच्याकडे बघत नव्हता. त्याला वाटलं, हीच संधी. सहा तारखेला बुधवारी त्याने टॉवरवर फर्निचरचं काम करणारा एक मिस्त्री आणला, विजेच्या रंध्याचं मशीन घेऊन. मी कामावर होते. नाना खुर्चीत.

कुणाला हाक मारायची तर नाना टाळी वाजवायचे. एवढाच त्यांचा आवाज उरला होता. त्या माणसाने खालची बाजू केली, कडा केल्या. मग उंबरठा उलटा केला आणि बघितलं की वर मधे खड्डा आहे. त्याला वाटलं, हे तर आधी सपाट करायला हवं. मशीन चालू. नाना टाळ्या वाजवत होते, त्यांचा हात वर जात नव्हता तरी वाजवत होते. एवढ्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? हितेंद्र त्यांच्याकडे पाठ करून दुसरं टोक धरून उभा होता. शेवटी नानांनी वही फेकली. ती त्या मिस्त्रीच्या पाठीला लागली. तो म्हणाला, सॉरी काका, आवाजाचा त्रास होतोय ना, आणि उंबरठा उचलून बाहेर गॅलरीत नेला, दार ओढून घेतलं आणि उरलेलं तिथे केलं. चांगला माणूस होता. दहा मिनिटांत आत आणून नानांसमोर ठेवला. एकदम गुळगुळीत.

मी संध्याकाळी आले तेव्हा नाना ओलं फडकं घेऊन त्यावरून फिरवत होते. डाव्या हाताने. परत परत. मी वही उचलून दिली. त्यांनी लिहिलं, "लक्ष्मी गेली." मला वाटलं, तापात भ्रम झाला, सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली. मग त्यांनी लाकडाकडे बोट केलं, आणि मला कळलं. ते पिवळं कशाचं होतं, वरून का हात लावायचा नव्हता, हे त्यांनी या घरात कुणाला सांगितलंच नव्हतं. तुम्हाला तेवढं लिहिलं होतं. ते पत्र मीच टपालपेटीत टाकलं होतं, बंद पाकिटात.

त्याच्यानंतर त्यांनी काही लिहिलं नाही. पेन हातात दिलं तरी नाही. सातला श्वास कोंडला म्हणून परळला नेलं. दहाला तुम्ही आलात तेव्हा घराला कुलूप होतं आणि तुम्ही रंधा शेजारच्या चंपामावशींकडे ठेवून गेलात, हे नंतर कळलं. तुमचा तो सरावाचा तुकडाही होता. मावशी म्हणाल्या, किती सुरेख केलाय.

उंबरठा हितेंद्रने बसवून घेतला. चौदाला किल्ली मिळाली, आता आम्ही इथेच राहतो. हितेंद्र रोज त्याच्यावरून जातो-येतो आणि खाली बघत नाही. त्याला मी काय बोलू? त्याने वाईट केलं नाही. तुम्हीही वाईट केलं नाहीत, असं माझी आई म्हणते. मला तसं म्हणवत नाही. तुम्ही २७ला आला असता आणि सगळं वाकडंतिकडं केलं असतं तरी माझे सासरे सुखाने गेले असते. हे तुम्हाला माहीत असावं.

रंधा या पत्राबरोबर पाठवला आहे. नानांनी शब्द दिला होता, तो आमच्याकडून पुरा. बाकीची पेटी हितेंद्रने ठेवून घेतली आहे, ती कुणाला द्यायची नाही म्हणतो. कृपा करून तेराव्याला येऊ नका.

तुमच्यासाठी नानांनी काही लिहून ठेवलंय का, म्हणून मी दोन्ही वह्या पहिल्या पानापासून चाळल्या. असतं तर खरंच पाठवलं असतं. तुमच्या पत्रांना उत्तर लिहायच्या आधी ते वहीत कच्चं लिहायचे, ते सगळं आहे. पंचवीस ऑक्टोबरच्या पत्राचं उत्तर त्यांनी सुरू केलं होतं. वर तारीख आहे आणि तुमचं नाव आहे, त्याखाली पान कोरं आहे.

वैशाली मेस्त्री